वाढणाऱ्यांची पंगत

त्या बरॅकच्या परेड ग्राउंडवरून आडवी पळत गेलेली मी पहिलीच बाई, असं मला नंतर सांगण्यात आलं. बाई सोडा, तिथून मांजरसुद्धा कडेकडेने जायचं. कर्नलही वळसा घालून जायचे. मला हे ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी मी पळाले असते, कारण वारा सुटला होता आणि माझी पत्रकं उडाली होती.

पत्रकं हा आमच्या घरातला पिढीजात धंदा. बाबा गिरणी कामगारांच्या युनियनमध्ये होते, आई त्याच युनियनच्या महिला आघाडीत. आमच्या खोलीत धान्याचे डबे दोन आणि पत्रकांचे गठ्ठे दहा. मी वाचायला शिकले ते पत्रकांवर, त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच. जगात दोनच जाती, हुकूम सोडणारे आणि हुकूम झेलणारे, हे मला बाराखडीबरोबर कळलं. आणि आणखी एक गोष्ट अशी की, कुणालाही ‘साहेब’ किंवा ‘सर’ म्हणायचं नाही. शाळेत मास्तरांनाही मी ‘गुरुजी’ म्हणायचे आणि त्याबद्दल मार खायचे.

सत्तरच्या दशकात मी इंग्लंडमध्ये आले ती दादाकडे. दादा दक्षिण किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या गावात हॉस्पिटलात डॉक्टर होता. वहिनी गरोदर होती आणि मी बेकार. गावात माझ्यासाठी नोकरी होती ती एकच, मरीन दलाच्या बरॅकमध्ये स्वयंपाकघरात. मरीन म्हणजे समुद्रातून येऊन जमिनीवर लढणारे शिपाई. साम्राज्याचं सैन्य! मी आठवडाभर विवेकाशी भांडले आणि मग ठरवलं, की आतून पाहावं आणि त्यावर एक पत्रक लिहावं.

आत गेले तर गंमतच. बरॅक भक्कम दगडी, समुद्रापासून चांगली लांब, पण ही माणसं स्वतःला जहाजावर समजत. फरशीला ‘डेक’ म्हणायचं, स्वयंपाकघराला ‘गॅली’. फाटकाबाहेर सिगारेट आणायला जाणं म्हणजे ‘किनाऱ्यावर जाणं’. मी रोज संध्याकाळी बसने किनाऱ्यावर जाऊन वहिनीला भाजी चिरून द्यायचे.

आणि या न हलणाऱ्या जहाजावरचा सगळ्यात मोठा माणूस कोण, हे मला पहिल्या दिवशी कळेना. कर्नल वाटावेत तर कर्नल स्वतःच कोपऱ्यावर वळताना टाय नीट करत होते, कारण समोरून सार्जंट मेजर येत होते.

सार्जंट मेजर म्हणजे वॉरंट ऑफिसर, आणि तोही सगळ्यात वरच्या दर्जाचा. माझ्या दोन जातींच्या जगात हा माणूस बसेना. तो अधिकारी नाही, कारण कोवळ्यातल्या कोवळ्या लेफ्टनंटलाही तो खाडकन सलाम ठोकायचा आणि ‘सर’ म्हणायचा. तो शिपाईही नाही, कारण बाकी सगळे त्याला ‘सर’ म्हणायचे, पण सलाम मात्र त्याला कुणी करायचं नाही. सुरुवात त्याने पोरवयात शिपाई म्हणूनच केलेली. मनगटाजवळ बाहीवर राजमुद्रा, काखेत कंपाससारखी दोन पायांची लाकडी काठी. ती उघडून तो शिपायांच्या पावलातलं अंतर मोजायचा. आवाज असा, की गॅलीतल्या शेल्फावरच्या बश्या किणकिणायच्या.

मी त्याला ‘सर’ म्हणणं शक्यच नव्हतं. मी आपलं एका नागरिकाने दुसऱ्याला म्हणावं तसं ‘मिस्टर’ म्हणून पुढे आडनाव लावलं. “गुड मॉर्निंग, मिस्टर अमुकअमुक.” गॅलीतल्या बायकांनी बटाटे सोलायचे थांबवले. सार्जंट मेजर “गुड मॉर्निंग, मिस,” म्हणाले आणि गेले. ते दिसेनासे झाल्यावर बायका जमिनीवर लोळायच्या बाकी राहिल्या.

“अगं, त्याला मिस्टर फक्त ऑफिसर म्हणतात!” एकजण डोळे पुसत म्हणाली. “तू आल्या आल्या स्वतःला कॅप्टन करून घेतलंस!”

मी समतेसाठी गेले होते आणि बढती मिळवून आले. पण शब्द मागे घेणं आमच्या घराण्यात नाही. मी ‘मिस्टर’च म्हणत राहिले, आणि पोरी मला ‘कॅप्टन’.

गॅलीवर राज्य होतं ते माचं. मा म्हणजे मुख्य स्वयंपाकीण. तिला कर्नलपासून नव्या रंगरुटापर्यंत सगळे ‘मा’च म्हणत. रुंद, लालबुंद, गुडघे कामातून गेलेले. दुसऱ्या महायुद्धात तरुण वयात भांडी घासायला आली होती, आता जानेवारीत निवृत्त होणार होती. एकदा आम्ही स्प्राउट्स सोलत बसलो होतो. स्प्राउट म्हणजे मोठ्या बोराएवढा कोबी. नाताळच्या जेवणाला इथे त्याच्याशिवाय चालत नाही, आणि खाताना मात्र प्रत्येकजण तोंड वाकडं करतो. तेव्हा माने मला त्या जेवणाची रीत सांगितली.

नाताळच्या रजेवर जायच्या आधल्या दुपारी मोठ्या हॉलमध्ये जेवण होतं. त्या दिवशी सगळं उलटं. रंगरूट पोरं खुर्च्यांवर बसतात आणि सार्जंट, कॅप्टन, खुद्द कर्नल ताटं घेऊन त्यांना वाढतात. सार्जंट मेजर सगळ्यांच्या पुढे. पोरं त्यांच्यावर स्प्राउट्स फेकतात आणि त्या दिवशी त्यांना शिक्षा नसते.

मी तर उडालेच. “म्हणजे वर्षातून एक दिवस क्रांती!”

“आणि भांडी आम्हीच घासायची,” मा म्हणाली. मग सुरी थांबवून, माझ्याकडे न बघता, “किती नाताळ वाढले इथे मी. त्या वाढपाच्या खिडकीतून बघते. एकदा तरी त्या हॉलमध्ये बसावं आणि कुणीतरी माझ्यापुढे ताट ठेवावं. बस, तेवढंच. आता हा शेवटचाच.”

तिने सुरी पुन्हा चालवायला घेतली. माझ्या मात्र डोक्यात गिरणीचा भोंगा वाजला.

गावातल्या मराठी मंडळींचं एक छोटं मंडळ होतं, सात-आठ डॉक्टरांची कुटुंबं, आणि दादा त्याचा सेक्रेटरी. दिवाळीची पत्रकं काढायला मंडळाने एक जुनं सायक्लोस्टाइल मशीन घेतलं होतं, ते दादाच्या गॅरेजमध्ये असायचं. रविवारी मी गॅरेजमध्ये शिरले ती कोपरापर्यंत काळी होऊनच बाहेर आले. पत्रकात सात मागण्या होत्या. माला मानाची खुर्ची ही पाचवी. पहिली बहुतेक साम्राज्यशाहीबद्दल होती.

दादाने एक प्रत वाचली आणि मटकन बसला. “अगं, तू तिथे जॉब करतेस की सत्याग्रह? आधीच त्या कोळसा खाणकामगारांच्या भानगडीने रोज पॉवर कट. स्ट्राइक शब्द ऐकला की लोक भडकतायत. आणि हे मंडळाचं मशीन आहे!”

“मंडळाने वापरावं की मग कधीतरी,” मी म्हणाले.

“तुला सॅक केलं तर?”

“अहो, करू द्या,” वहिनी पोटावर बशी ठेवून चिवडा खात म्हणाली, “मला मदत होईल.”

सोमवारी सकाळी मी पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरून फाटकातून आत आले आणि समुद्रावरून तो वारा आला. गठ्ठ्याची दोरी मीच बांधली होती, म्हणजे ती सुटणारच होती. माझ्या सात मागण्या पाखरांच्या थव्यासारख्या परेड ग्राउंडवर उतरल्या. मैदानाच्या मधोमध रंगरूट रांगेत ताठ उभे होते. मी पळत सुटले.

“मिस!”

फक्त तेवढंच. मी एका पायावर थांबले. खरंच, एका पायावर; दुसरा खाली टेकवायचं धाडस होईना. वाऱ्यानेसुद्धा क्षणभर श्वास रोखला असावा. रंगरूट नाकासमोर बघत होते, पण त्यांचे खांदे थरथरत होते. एकाच्या टोपीवर साम्राज्यशाही चिकटली होती.

सार्जंट मेजर सावकाश आले. त्यांनी काठीच्या टोकाने पायाजवळचं एक पत्रक टोचून उचललं, वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं. मग रांगेकडे वळून हुकूम सोडला, आणि ती सगळी रांग मैदानभर पांगली, वाकली, प्रत्येकाने एकेक पत्रक उचललं आणि रांग पुन्हा ताठ उभी राहिली. बाबांनी आयुष्यभर गेटवर पत्रकं वाटली, पण इतकं शिस्तशीर वाटप त्यांना एकदाही जमलं नाही. प्रत्येक हातात एक पत्रक! मी त्या एका पायावर उभी राहून आनंदाने वेडी व्हायची बाकी होते.

दुपारी मला त्यांच्या ऑफिसात बोलावणं आलं. भिंतीवर राणीच्या नावाने काढलेलं त्यांचं वॉरंट, म्हणजे नेमणुकीचं पत्र, टेबलावर माझं पत्रक. ते उभे राहिले आणि त्यांनी ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली, परेडच्या आवाजात, पहिल्या ओळीपासून. माझी वाक्यं त्या आवाजात काय शोभली म्हणून सांगू! मला बसल्या बसल्या मूठ वर करावीशी वाटली.

“वाईट नाही,” ते वाचून झाल्यावर म्हणाले. “पण मागण्या सात. सात गोष्टी एकदम सांगितल्या की माणूस एकही करत नाही. मिस, हुकमाचे दोन भाग असतात. पहिला लांब. तो सांगतो, काहीतरी येतंय, सावध राहा. दुसरा आखूड. तो आला की विचार नाही, पाय हलतो.”

“घोषणेचंही तसंच असतं,” मी म्हणाले. “पुढारी पहिला भाग लांबवतो. फक्त आमच्याकडे दुसरा भाग लोक म्हणतात.”

त्यांनी पत्रक टेबलावर ठेवलं. “सगळे एकदम?”

“सगळे एकदम.”

“कुणी शिकवल्याशिवाय?”

“मनात असलेलंच असतं ना ते.”

“हं,” ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले. “मग एका घोषणेत मागण्या किती?”

“एक,” मी म्हणाले आणि जीभ चावली.

मग मी सगळं सोडून मागणी नंबर पाच धरली. सांगितलं, की आमच्याकडे लग्नात जेवणाच्या पंगती उठतात, एकामागून एक. घरातलेच लोक वाढतात, वाकून वाकून त्यांची कंबर जाते. पण सगळ्यात शेवटी एक पंगत बसते ती वाढणाऱ्यांची. मग आधी जेवलेले लोक पदर खोचून, बाह्या सरसावून त्यांना वाढतात, आणि नको नको म्हटलं तरी आग्रहाने जास्तीची जिलबी वाढतात. त्या पंगतीत जो हशा असतो तो आधीच्या एकाही पंगतीत नसतो. तुमच्या उलट्या दिवसात ती शेवटची पंगतच नाही.

त्यांनी काठी उचलली, मिटली. “इथे कर्नल येतात, कर्नल जातात. प्रत्येकाला काहीतरी बदलायचं असतं. जे बदलायचं नाही ते सांभाळायला मी आहे. वाढप होतं, हॉल रिकामा होतो, स्वयंपाकघर आवरलं जातं. रीत अशी आहे.”

“पहिल्यांदा कुणीतरी केली असेल ना ती?”

“गुड आफ्टरनून, मिस.”

“गुड आफ्टरनून, मिस्टर अमुकअमुक.”

नकार होता तो. पण मी जिना उतरले ती उड्या मारत, कारण मला माझी घोषणा मिळाली होती. गॅलीत येऊन मी स्प्राउट्सच्या टोपलीवर चढले आणि लांब सूर काढला, “माऽऽऽसाठी—” आणि पोरींना खुणावलं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मग भांडी घासणारी एक किरकोळ मुलगी ओरडली, “खुर्ची!”

झालं. त्या दिवसापासून आम्ही काय सोलत होतो, काय कापत होतो, कुणाला भान नव्हतं. “माऽऽऽसाठी—” “खुर्ची!” मा लाटणं घेऊन धावायची, “गप बसा गं, मला नोकरीवरून काढतील,” म्हणायची आणि गाल आणखी लाल व्हायचे. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेतून एका रंगरुटाने खालच्या आवाजात “खुर्ची” म्हटलं. मग सगळी रांगच म्हणू लागली. त्या पोरांना महिनोन् महिने हुकमाचा दुसरा भाग पायांनीच पुरा करायची सवय. तोंडाने पुरा करायला मिळाल्यावर त्यांना आवरणं कठीण होतं.

एके सकाळी आम्ही ऐन रंगात असताना खिडकीत सार्जंट मेजर उभे दिसले. आम्ही सगळ्या जागच्या जागी थिजलो. त्यांनी आम्हाला एकदा डावीकडून उजवीकडे पाहून घेतलं.

“शेवटचा शब्द ढिला पडतोय,” ते म्हणाले. “आणखी आखूड हवा.” आणि निघून गेले.

याचा अर्थ काय, यावर गॅलीत दोन तट पडले. मी म्हणत होते, माणूस वळला. मा म्हणत होती, “तो चूक दिसली की दुरुस्त करतोच. चोर जिना चढताना दिसला तरी तो आधी म्हणेल, पाठ ताठ ठेव.” आणि मग हळूच, “उगाच आशा लावू नकोस मला, पोरी.”

ते तिने असं म्हटलं की त्या दिवशी मी पुन्हा घोषणा दिली नाही.

जेवणाचा दिवस आला. पॉवर कट नेमका दुपारी, त्यामुळे हॉलभर मेणबत्त्या. आम्ही खिडकीमागे घामाघूम. हॉलमध्ये नुसता धुडगूस. कॅप्टन मंडळी टर्की वाढत होती, सार्जंट बटाट्यांच्या पराती घेऊन पळत होते, हवेत स्प्राउट्स. कर्नल ग्रेव्हीचं भांडं घेऊन टेबलांमधून फिरत होते आणि ती बऱ्यापैकी ताटांतच पडत होती. आणि सार्जंट मेजर, डोक्यावर नाताळच्या, दोन टोकं ओढून फोडायच्या कागदी नळीतून निघालेला जांभळा मुकुट, दोन्ही हातांवर ताटांची चळत, एकही थेंब न सांडता चालत होते. त्यांच्या कानावर एक स्प्राउट बसला. त्यांनी मान वळवून कुणी फेकला ते पाहून ठेवलं. शिक्षा आज नव्हती, पण उद्या नव्हती असं कुणी म्हटलं नव्हतं.

मा खिडकीशी उभी राहून बघत होती, ओला हात ॲप्रनला पुसत. दरवर्षीसारखी.

पुडिंग संपलं. रीतीप्रमाणे आता पोरं उठणार, हॉल रिकामा होणार. खुर्च्या सरकू लागल्या, आणि काठी जमिनीवर आपटली.

“जागेवर!”

हॉल गोठला. सार्जंट मेजर कर्नलसमोर जाऊन ताठ उभे राहिले, मुकुटासकट. “सर, आपल्या परवानगीने, आता शेवटची पंगत.” ‘पंगत’ त्यांनी मराठीतच म्हटलं, जवळपास बरोबर. परवानगी मागितली होती ती अशी, की नाही म्हणायला जागाच ठेवली नव्हती. माझ्या दोन जातींच्या जगात न बसणारा माणूस नेमकं काय करतो, ते मला त्या एका वाक्यात कळलं. तो खालच्यांच्या वतीने वरच्यांना हुकूम सोडतो, आणि वरच्यांना वाटतं की तो सलाम करतोय.

कर्नलनी ग्रेव्हीच्या भांड्यात पाहिलं. “करा, मिस्टर अमुकअमुक.”

मग सार्जंट मेजर खिडकीशी आले. “मा,” त्यांनी कोपर पुढे केलं. “तुमची खुर्ची.”

मा म्हणाली, “माझा ॲप्रन बघा कसा आहे.” ती म्हणाली, “अजून भांडी पडलीत.” ती आणखीही बरंच काही म्हणाली असती, पण आम्ही तिला मागून ढकललं. ती हॉलभर त्यांच्या हातात हात घालून चालली, गुडघ्यांमुळे जरा डोलत, आणि सार्जंट मेजरनी, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची पावलं मोजली, आपलं पाऊल तिच्याइतकं आखूड केलं. टेबलाच्या टोकाशी, मानाच्या जागी तिला बसवलं. मागोमाग आम्ही सगळ्या. ज्या रंगरुटांनी भरपेट खाल्लं होतं, त्यांनी बाह्या सरसावल्या आणि वाढायला घेतलं. मी त्यांना आग्रह शिकवला. “नको म्हटलं तरी वाढायचं!” एवढं पुरेसं होतं. माझ्या ताटात बटाट्यांचा डोंगर झाला.

माने काटा उचलला आणि खाली ठेवला.

“हे उभे का?” तिने विचारलं. सार्जंट मेजर तिच्या खुर्चीमागे पहारेकऱ्यासारखे उभे होते. “दुपारभर ताटं वाहिली यांनी. वाढणाऱ्यांची पंगत आहे ना? मग?”

“मी ठीक आहे, मा.”

“बसा.”

“मी उभाच बरा.”

आता पंचाईत. त्या हॉलमध्ये त्यांना हुकूम सोडणार कोण? कर्नलनी छताकडे पाहिलं. त्यांना आपली जागा ठाऊक होती. मा ताटाला हात लावेना. ताट निवत चाललं. तिने माझ्याकडे बघितलं.

मी खुर्चीवर चढले. बाबा गेटवर घ्यायचे तसा पोटातून श्वास घेतला आणि ‘मिस्टर’ म्हणून त्यांचं आडनाव ओढलं. ओढत गेले, ओढत गेले, मेणबत्त्या थरथरल्या, पोरींच्या माना वर झाल्या, रंगरुटांच्या हातातल्या पराती थांबल्या. सगळ्यांना कळलं की काहीतरी येतंय. आणि मी गप्प झाले.

“बसा!”

सबंध हॉल. एका तोंडाने. इतका आखूड शब्द त्या बरॅकमध्ये आधी कुणी ऐकला नसेल. सार्जंट मेजर तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. आपण बसलो हे त्यांना बसल्यावर कळलं. त्यांनी मुकुट सरळ केला, गुडघे जुळवले.

“आता बरोबर होता,” ते म्हणाले.

मग जे काही झालं त्याला हशा म्हणणं म्हणजे समुद्राला ओलसर म्हणणं. दोन रंगरूट परातींसकट खाली बसले. वर्षभर ज्याच्या आवाजाने हादरलो त्याला बसवलं या आनंदाने कुणीतरी टेबल बडवायला लागलं, मग सगळेच. कर्नलना मात्र कुणी बसा म्हणालं नाही. ते बिचारे ग्रेव्ही घेऊन उभेच.

आणि मा जेवू लागली. सावकाश. आयुष्यभर घंटेवर धावलेली बाई, आता तिला कसलीच घाई नव्हती. ती उठेपर्यंत कुणी उठायचं नाही, असं सार्जंट मेजरनी जाहीर करून टाकलं, त्यामुळे एक सबंध सशस्त्र दल, ज्याच्या बसेस फाटकात सुट्टीसाठी चालू उभ्या होत्या, तिच्या एकेका घासाकडे बघत थांबलं. तिने स्प्राउट चाखला.

“जास्त शिजलेत,” ती म्हणाली. “कोणी केले?”

“तूच,” आम्ही ओरडलो.

“हं.” तिने ताट पुसूनपुसून स्वच्छ केलं, खुर्चीत मागे रेलली. सगळ्यांनी उठायला हात टेकले. माने बशी उचलून शेजारी सरकवली.

“मिस्टर अमुकअमुक,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ‘सर’ नाही. “अजून थोडं कस्टर्ड.”